शेवटचा हात राहिलेली गाडी

शनिवार, ८ नोव्हेंबर. हडपसर.

हजर: मी. श्रीकांत, माझा नवरा, मत द्यायचं नाही या अटीवर. अन्वरभाई, घोरपडे पेठेतले मेकॅनिक. माझी जुनी दीडशे सीसीची गाडी अकरा वर्षं त्यांच्याकडे जाते. दत्ताभाऊ, विकायच्या गाडीचे मालक. त्यांच्या पत्नी; सगळे त्यांना वहिनी म्हणत होते, म्हणून मीही म्हटलं. आणि ताडपत्रीखाली गाडी.

प्रवासवर्णन म्हणावं इतका हा प्रवास लांबचा नाही. हडपसरला गाडी घेतली, घोरपडे पेठेत ती उघडली, तिचे भाग नाना पेठेत शोधले आणि नारायणपूरच्या अलीकडे ती थांबवावी लागली. सगळी ठिकाणं नकाशावर वीतभर जागेत बसतात. तरी लिहिते आहे, कारण जुनी मोठी गाडी घेऊन दुरुस्त करावी असं मनात असलेली बरीच माणसं मला भेटली आहेत आणि त्यांतलं कोणी अजून गेलेलं नाही.

आधी गाडीबद्दल. हिला स्पोर्ट टूरर म्हणतात. साडेसहाशे सीसी, दोन सिलिंडर, पुढे वारा अडवणारी काच, मागे सामानाच्या दोन पेट्या, आणि मुख्य म्हणजे मागे बसणाऱ्यासाठी खरीखुरी सीट. वेगातही स्थिर राहते आणि दिवसभर चालवली तरी पाठ धरत नाही. दोघांनी लांब जावं म्हणून बनवलेली गाडी. अडचण इथेच होती. श्रीकांत माझ्या मागे बसत नाही.

बारा वर्षांपूर्वी स्वारगेटच्या वळणावर माझ्या स्कूटरचा ब्रेक लागला नाही आणि आम्ही दोघं घसरलो. मला खरचटलं. श्रीकांतच्या घोट्यात धातूची पट्टी बसवावी लागली, ती अजून आहे. स्कूटर आदल्याच दिवशी सर्व्हिसिंग करून आणली होती. मी विचारलं होतं, "ब्रेक बघितला का?" तो माणूस म्हणाला होता, "बघितला." खोटं नव्हता बोलला. त्याने बघितलाच होता.

त्यानंतर मी मेकॅनिक बदलला आणि यादीतला 'बघितलं' हा शब्द काढून टाकला. आता माझ्या वहीत चार रकाने असतात: काम, भाग, कोण करणार, लावलं. तेव्हापासूनच श्रीकांत बसने जातो. भांडण नाही, रुसवा नाही, घोट्याचा विषयही निघत नाही. तो फक्त बसत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आम्ही गाडीवरून हंपीला जायचं ठरवलं होतं. माझ्या सर्वांत जुन्या वहीत ती ओळ अजून तशीच, खूण न झालेली आहे. मी आता चौपन्न वर्षांची आहे.

तर हडपसर. दोन्ही बाजूंना वीस-वीस मजल्यांच्या इमारती आणि मध्ये दत्ताभाऊंची पिठाची गिरणी. गिरणीच्या मागच्या शेडमध्ये त्यांनी ताडपत्री ओढली.

"पांढरी आहे का?" मी विचारलं. जाहिरातीत निळी लिहिलं होतं.

"निळीच हाय, म्याडम. पीठ झटका."

झटकलं. निळी होती.

दत्ताभाऊ साठीचे, धिप्पाड, कमरेला पट्टा. "तीन बारी गोव्याला जाऊन आलोय हिच्यावर. आता कंबर म्हनती, बास."

"किती दिवस उभी आहे?"

"दोन दिवाळ्या झाल्या. पर आठवड्याला चालू करतो."

अन्वरभाईंनी तोपर्यंत सीट काढून एअर फिल्टर बाहेर काढला होता. आत ओल लागून पिठाचा घट्ट थर बसला होता. त्यांनी तो नखाने खरवडला आणि दत्ताभाऊंपुढे धरला. "दत्ताभाऊ, चालू करता का दळता?"

वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. दत्ताभाऊ म्हणाले, "जवारी हाय. गव्हाचं असतं तर चिकटलं असतं."

इंजिनचा आवाज अन्वरभाईंनी डोळे मिटून ऐकला. चासी वाकलेली नाही, इंजिन कोणी उघडलेलं नाही, बाकी सगळं करावं लागेल, असं सांगितलं. मी लिहून घेतलं. श्रीकांत एवढा वेळ लांब उभा होता. तो आला, मागच्या सीटवर तळवा दाबून बघितला आणि परत जाऊन उभा राहिला.

"मत द्यायचं नाही असं ठरलंय," मी म्हटलं.

"सीट मऊ आहे. हे निरीक्षण आहे."

दत्ताभाऊंनी किल्ली श्रीकांतपुढे धरली. "घ्या साहेब, एक चक्कर मारून या."

"ती चालवणार आहे."

"आन् तुम्ही?"

"मी बसने येईन."

"लांबच्या गावाला बी?"

"बस सगळीकडे जाते," श्रीकांत म्हणाला. दत्ताभाऊंनी माझ्याकडे बघितलं, मग किल्ली माझ्या हातात दिली.

कागद नीट होते. हप्त्यांचं काही शिल्लक नव्हतं, विमा संपलेला होता, नाव बदलायच्या फॉर्मवर सह्या झाल्या. आमच्या भागात व्यवहार झाला की पावती देतात आणि दार लावतात. इथे वहिनींनी उजव्या पेटीत ज्वारीच्या ताज्या पिठाची दोन किलोची पिशवी ठेवली. "घरातनं गाडी रिकामी काढत न्हाईत," त्या म्हणाल्या. आधीच किलोभर पीठ घेऊन निघालेल्या गाडीत आणखी पीठ कशाला, असं श्रीकांत गाडी न्यायला आणलेल्या टेम्पोत बसल्यावर म्हणाला. भाकऱ्या मात्र त्याने चार खाल्ल्या.

घोरपडे पेठ, पाच आठवडे

अन्वरभाईंचे आजोबा याच जागेत टांग्याची चाकं बांधायचे, वडील सायकली करायचे, अन्वरभाई मोटरसायकली करतात. दुकान दोन गाड्यांएवढं आहे. तिसरी आली की अन्वरभाई रस्त्यावर बसून काम करतात. शेजारच्या गाळ्यात त्यांचे धाकटे भाऊ युसूफभाई पंक्चर काढतात. पन्नाशीचे आहेत, पण धाकटे ते धाकटेच; इंजिनला हात लावायची त्यांना परवानगी नाही.

आमच्याकडे पाहुण्याला "चहा घेणार का?" असं विचारतात, आणि विचारण्याच्या सुरावरून पाहुण्याला उत्तर कळतं. इथे चहा न विचारताच येतो, अर्धा कप, आणि नको म्हणायला सुरुवात करेपर्यंत दुसरा आलेला असतो. मी शाळेच्या कार्यालयात काम करते. सुटल्यावर साडेपाचला पोचायचे, अर्धा तास थांबायचे, दोन अर्धे चहा प्यायचे, वही भरून परत.

पहिल्या दिवशी मी यादी वाचून दाखवली. एकतीस कामं. टाकीचा गंज, पाण्याच्या नळ्या, पुढचे शॉकअप, चेन, टायर, बॅटरी, क्लचची केबल, ब्रेकचे दोन्ही कॅलिपर, म्हणजे चाकाची चकती दाबून धरणारे चिमटे, उघडून साफ करणं, वगैरे. अन्वरभाई शांतपणे ऐकत होते.

"ताई, हे शाळेचं रजिस्टर आहे का?"

"तुम्ही कशात लिहिता?"

"मी नाही लिहीत. गाडीवरच लिहिलेलं असतं."

मला वाटलं, जुन्या कारागिरांची बोलायची पद्धत. मी हसून पान उलटलं.

टाकीच्या गंजासाठी त्यांनी लिंबूसत्व आणायला सांगितलं, दोन किलो. मी मंडईच्या मागच्या एका किराणा दुकानात गेले. दुकानदाराने चष्म्यावरून बघितलं.

"दोन किलो? सरबत करताय?"

"पेट्रोलच्या टाकीत घालायचंय."

"मग साखर नको असेल," असं म्हणून त्याने वजन केलं.

लिंबूसत्वाच्या पाण्यात टाकी दोन दिवस भिजली आणि आतून चांदीसारखी निघाली. शाळेच्या पितळी घंटेवरही मी ते वापरून पाहिलं. उपयोगी पडतं.

नाना पेठेत भागांची दुकानं एकमेकांना खेटून आहेत. तिथला रिवाज मला दुसऱ्या खेपेला कळला. पहिल्या खेपेला मी गाडीचं वर्णन करायला लागले, तर काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, गाडी सांगू नका. नंबर सांगा." दुसऱ्या खेपेला प्रत्येक भागाचा नंबर लिहून नेला. त्यांनी वही उलटी करून स्वतःकडे ओढली, बोट फिरवलं आणि वर न बघता विचारलं, "मोडी नाही ना शिकवत तुम्ही? अक्षर बरंय." त्या भागातली ती शाबासकी असावी. त्यानंतर मला बसायला स्टूल मिळायचं.

कामं एकेक होत गेली. अन्वरभाई म्हणायचे, "लावला," मी खूण करायचे. पिठाचा थर कुठे कुठे निघाला त्याची मी वेगळी यादी केली होती. तिच्यात हॉर्नही आहे. गाडी परत उभी राहायला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं की बोल्टांवर पिवळे ठिपके पडले आहेत. काहींवर आहेत, काहींवर नाहीत. एवढा निगुतीचा माणूस आणि रंग असा सांडतो, याचं मला जरा नवल वाटलं. वहीच्या शेवटच्या पानावर मी लिहून ठेवलं: पिवळे डाग पुसणे, घरी.

शुक्रवार, १२ डिसेंबर. घोरपडे पेठ आणि आमचं पार्किंग.

शाळेला अर्धी सुट्टी होती म्हणून मी दुपारीच गेले. शुक्रवार दुपार, नमाजाची वेळ. अन्वरभाई मशिदीत होते. हे मला माहीत असायला हवं होतं, पण यादीत एकच काम उरलं होतं. अडीच वाजता फोन लागला.

"अन्वरभाई, पुढच्या ब्रेकचा कॅलिपर?"

"लावलाय, ताई. उद्या सकाळी या. शेवटचा हात फिरवायचा राहिलाय."

"हरकत नाही, तो मी घरी फिरवीन," मी म्हटलं. शेवटचा हात म्हणजे फडका मारणं, पॉलिश करणं, असं मी धरलं. आमच्याकडे दिवाळीच्या साफसफाईला तोच अर्थ आहे. ते पुढे काही बोलत होते, पण मागे गर्दी होती आणि फोन तुटला.

एकतिसावी खूण केली. युसूफभाई म्हणाले, "भाई उद्या बोलले होते." मी त्यांच्यापुढे वही धरली. एकतीस ओळी, एकतीस खुणा. त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि किल्ली दिली. चांगल्या अक्षरातल्या यादीपुढे माणसं फार वेळ टिकत नाहीत. शाळेतही माझा हाच अनुभव आहे.

संध्याकाळी पार्किंगमध्ये मी शेवटचा हात फिरवला. पिवळे डाग रॉकेलने जाईनात. पेट्रोलनेही नाहीत. मग घरातली नेलपॉलिश काढायची बाटली आणली, तिने एका पुसण्यात गेले. तेव्हाच थांबायला हवं होतं. चाळीसेक डाग होते, सगळे काढले.

श्रीकांत खाली आला. गाडीभोवती एक फेरी मारली.

"निळी आहे खरी."

"हे मत?"

"निरीक्षण." मग जरा वेळाने म्हणाला, "आधी एकटी जाऊन ये. मग बघू."

बघू, बघितलं हे शब्द मी यादीत घेत नाही. पण बारा वर्षांत या विषयावर तो एवढंही बोलला नव्हता. मी उद्याचा रस्ता लिहिला: हडपसर, दिवे घाट, सासवड, नारायणपूर, कापूरहोळ, कात्रज, घर.

शनिवार, १३ डिसेंबर. सासवड आणि पुढे.

साडेसहाला निघाले. हडपसरला दत्ताभाऊंच्या गिरणीपुढे हॉर्न वाजवला. ते दात घासत बाहेर आले, ब्रश तसाच तोंडात, आणि हात वर करून उभे राहिले. दिवे घाटात रस्त्याचं काम चालू आहे. खडी, डंपर, अरुंद वळणं. गाडी ढकलल्यासारखी वर गेली. घाटमाथ्यावर थांबून मागे बघितलं तर खाली तलाव आणि त्याच्या पलीकडे शहर धुरकट पसरलेलं. मोठ्या गाडीचा फायदा असा की चढ संपल्याचं तिच्याकडून कळत नाही, हवेवरून कळतं. सासवडला मिसळ खाल्ली. आमच्याकडच्यापेक्षा रस्सा पातळ आणि तिखट थेट. पाव मागून घ्यावा लागत नाही, ते टोपली ठेवूनच जातात. बाहेर एक बाई अंजिरं विकत होती. हिरव्या पानांवर मांडलेली, दाबली की दबणारी. अर्धा डझन डाव्या पेटीत ठेवली. श्रीकांतला अंजीर आवडतं.

सासवड सोडल्यावर पुरंदर समोर येतो आणि रस्ता शेतांतून जातो. एका गतिरोधकाला पुढचा ब्रेक दाबला तेव्हा टक् झालं. लहान आवाज, पेनाचं टोपण बसावं तसा. पुढच्या गतिरोधकाला परत. तिसऱ्यांदा मी मुद्दामच दाबला. टक्. पत्र्याच्या एका चहाच्या टपरीपुढे गाडी बाजूला घेतली.

टपरीवाल्या मावशी पदर खोचून बाहेर आल्या. "बंद पडली व्हय?"

"नाही. थांबवली."

"त्येच की," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

गुडघे टेकून बघितलं. पुढच्या चाकाशी ब्रेकचा कॅलिपर दोन बोल्टांवर असतो. खालचा पक्का होता. वरचा अर्धं बोट बाहेर आला होता. मी तो बोटाने फिरवला. फिरला. दिवे घाट डोळ्यांपुढे आला, आणि स्वारगेट.

अन्वरभाईंना फोन केला.

"पुढच्या ब्रेकचा वरचा बोल्ट ढिला आहे."

"तुम्ही कुठे आहात?" त्यांचा आवाज एकदम बदलला. "गाडी युसूफने दिली? मी आत्ता दुकान उघडतोय, मला वाटलं, त्यानेच रात्री दुसरीकडे लावली असेल."

"तुम्ही म्हणालात, लावलाय."

"लावलाच होता, ताई. आवळला कुठे म्हटलं? बोल्ट आधी लावतात, मग सगळं जागेवर बसलं की शेवटचा हात फिरवतात. शेवटचा हात राहिलाय, सांगितलं होतं ना." मग म्हणाले, "घाबरू नका. आवळलेल्यावर मी पिवळा ठिपका देतो. ठिपका नाही ते बोल्ट किती आहेत, तेवढे मोजा."

समोरचे सगळे बोल्ट लखलखीत होते.

"ताई?"

"ठिपके मी पुसले."

"सगळे?"

"सगळे."

पलीकडे हत्यारांची पेटी ओढल्याचा आवाज आला. "गाडीला हात लावू नका," ते म्हणाले. "मी येतो."

गाडीवरच लिहिलेलं असतं, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माझ्या यादीच्या शेजारी पाच आठवडे दुसरी यादी चालू होती आणि ती मी नेलपॉलिश रिमूव्हरने पुसली होती.

मावशींनी चहा आणून दिला. मी वही काढली आणि नव्या पानावर दोन ओळी लिहिल्या. श्रीकांतला सांगणे. श्रीकांतला न सांगणे. न सांगण्यात सोय होती. बोल्ट आवळला जाईल, मी दुपारी घरी पोचेन, गाडी उत्तम चालते असं सांगेन, आणि ते खोटंही नसेल. तो कदाचित मागे बसेल. मग घोट्यात पट्टी असलेला माणूस 'लावलं' या माझ्या खुणेवर विश्वास ठेवून बसलेला असेल. मी दुसरी ओळ खोडली आणि फोन केला.

सगळं सांगितलं. ठिपक्यांसकट.

"तुला लागलं नाही ना?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला. बारा वर्षांच्या शांततेत आणखी एक भर, असं मला वाटलं.

दीड तास गेला. मावशींनी गाडीची किंमत विचारली, मग मुलं किती ते विचारलं, मग मालक का आले नाहीत ते विचारलं. मी सांगितलं, ते मागे बसत नाहीत. "का? पडला व्हता?" "हो, दोघंही." मावशी म्हणाल्या, "मग बसंल कसा?" त्यांनी हे सहज म्हटलं आणि रिकामा कप घेऊन आत गेल्या.

पावणेबाराला अन्वरभाईंची जुनी स्कूटर वळणावर दिसली. मागे कोणीतरी होतं. मांडीवर लांबडी पेटी आडवी, दोन्ही हात पेटीवर, डोक्यावर माझं जुनं लाल हेल्मेट. स्कूटर थांबली. श्रीकांत उतरला, पेटी खाली ठेवली आणि दुखरा पाय दोनदा झटकला.

"हे कसे आले?" मी अन्वरभाईंना विचारलं, कारण श्रीकांतला विचारायचं धाडस झालं नाही.

"दाजी दुकानात आले भांडायला," अन्वरभाई हेल्मेट काढत म्हणाले. मला ते ताई म्हणतात, त्यामुळे श्रीकांत दाजी. पण हे मी पहिल्यांदाच ऐकलं. "म्हटलं, भांडण वाटेत करू, मला निघायचंय. बसा. हा पाना कोणीतरी धरायला पाहिजेच."

"आणि बसलास?"

"भांडण अर्धं राहिलं होतं," श्रीकांत म्हणाला. "दिवे घाटापर्यंत पुरलं."

"पुढे?"

"पुढे यांचं ऐकलं. हे म्हणतात चूक त्यांची, युसूफला सांगून ठेवायला हवं होतं. मी म्हटलं, नाही, चूक आमच्याकडची आहे." मग माझ्याकडे वळला. श्रीकांतने तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली आहेत. समासातल्या खुणांवर आमचं घर चाललं. "मुद्रितशोधकाच्या घरात राहून खुणा पुसल्यास?"

"डाग वाटले."

"लेखकांनाही तसंच वाटतं."

अन्वरभाईंनी पेटी उघडली. आत हातभर लांबीचा पाना, ठरलेल्या जोराला पोचला की टक् वाजणारा. आणि शेजारी एक छोटी बाटली. मी ती उचलून उजेडात धरली.

"ही नेलपॉलिश आहे."

"मंडईच्या मागे मिळते. पिवळी कोणी घेत नाही, दुकानदार बाजूला ठेवतो माझ्यासाठी."

मग टपरीपुढे रस्त्याच्या कडेला पंचेचाळीस बोल्ट तपासले. अन्वरभाई पाना लावायचे, टक् व्हायचं, मी ठिपका द्यायचे. नेलपॉलिश लावायचा सराव आम्हा तिघांत मलाच होता. ही टक् आणि सकाळची टक् यांत फरक होता. सकाळची कोरडी, पत्र्यासारखी, ही भरीव. कॅलिपरचा तो एक सोडून आणखी तीन ढिले निघाले, त्यांतला एक हँडलचा. अन्वरभाई प्रत्येकाला "या अल्लाह" म्हणाले, आणि तिसऱ्याला श्रीकांतही म्हणाला. मावशी स्टूल घेऊन मोजायला बसल्या होत्या. मोजणी त्यांचीच बरोबर निघाली. मी चव्वेचाळीस धरले होते.

सगळं झाल्यावर अंजिरं खाल्ली. श्रीकांत गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन वाकला.

"इथे ठिपका नाही."

मागच्या माणसाचे पाय ठेवायचे फूटरेस्ट. अन्वरभाईंनी डावीकडे पाना लावला, टक् झालं. उजवीकडे लावला, बोल्ट नुसताच फिरत राहिला. त्यांनी तो काढून उन्हात धरला. "आटे गेलेत. नवा लागेल. हा साइझ नाना पेठेत मागवावा लागतो."

"हे यादीत होतं का?" श्रीकांतने विचारलं.

मी वही उघडली, जरी उत्तर मला माहीत होतं. एकतीस कामं होती. हॉर्नमधलं पीठही होतं. मागचे फूटरेस्ट नव्हते. ज्याच्यासाठी एवढी गाडी घेतली त्याने पाय कुठे ठेवायचे, हे मी लिहिलंच नव्हतं. बारा वर्षं माझ्या मागे कोणी बसलं नव्हतं, म्हणून सुचलं नाही, हे कारण खरं आहे. पण कारणांचा रकाना मी ठेवत नाही.

श्रीकांतने माझ्या हातातून वही घेतली, खिशातलं लाल पेन काढलं आणि एकतिसाव्या ओळीखाली काहीतरी लिहिलं. दाखवलं नाही. मग सासवडकडे जाणारी एसटी आली आणि तो हात करून तिच्यात चढला. खिडकीतून ओरडला, "अंजिराची देठं पेटीत टाकू नकोस, मुंग्या होतील."

अन्वरभाई माझ्या मागोमाग कात्रजपर्यंत स्कूटरवर आले. मी सांगितलं होतं की गरज नाही. ते म्हणाले, "ताई, मी माझ्या ठिपक्यांच्या मागे चाललोय."

घरी

वही संध्याकाळी उघडली. बत्तिसावी ओळ श्रीकांतच्या अक्षरात, लाल शाईत: उजवा मागचा फूटरेस्ट, बोल्ट. आणि चौथ्या रकान्याच्या डोक्यावर मी लिहिलेला 'लावलं' हा शब्द खोडून, समासात मुद्रितशोधकाची खूण करून, वर दुरुस्ती: 'आवळलं'.

हे लिहीत असताना तीन आठवडे होऊन गेले आहेत. नाना पेठेतले गृहस्थ म्हणतात, नंबर बरोबर आहे, माल मागवलाय, येईल. मी दोनदा जाऊन आले, स्टूलावर बसले. गाडी रोज पाच मिनिटं चालू करते, दळत नाही. पिवळी बाटली फ्रिजवर ठेवली आहे, तिला कोणी हात लावत नाही.

श्रीकांत अजून बसनेच जातो. फक्त घरी आला की चप्पल काढता काढता विचारतो, "बोल्ट आला का?"

नाही आलेला. बत्तिसावी ओळ अजून उघडी आहे.